व्हेरिएबलमधली कमांड चालवण्याआधी: तयारीची यादी

आधी हे ठरवा की शेल स्क्रिप्टमध्ये (शेल म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) कमांड व्हेरिएबलमध्ये ठेवायची खरंच गरज आहे का. तीच ती कमांड पुन्हा पुन्हा लागते एवढंच कारण असेल, तर सरळ फंक्शन लिहा. पाइप (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणं), रीडायरेक्शन (आउटपुट फाइलकडे वळवणं), अवतरणचिन्हं सगळं त्यात जसंच्या तसं चालतं आणि यादी इथेच संपते. कुठला पर्याय लावायचा हे स्क्रिप्ट चालतानाच ठरणार असेल, तरच पुढे वाचा.

मग शेल कोणतं ते बघा. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बॅश आहे की नुसतं एसएच? उबुंटूमध्ये 2006 पासून एसएच म्हणजे डॅश हे साधं शेल, आणि डॅशला अ‍ॅरे (एका नावाखाली अनेक शब्द वेगवेगळे ठेवणारी यादी) माहीत नाहीत. मॅकवर 2019 च्या कॅटालिनापासून टर्मिनलमध्ये झेडशेल येतं. ते अवतरणाबाहेरच्या व्हेरिएबलचेही तुकडे करत नाही, म्हणून टर्मिनलमधल्या चाचणीवर विसंबू नका.

चाचणीसाठी मुद्दाम नावात स्पेस असलेलं फोल्डर करा, समजा ‘लग्नाचे फोटो’. टारची, म्हणजे फाइली एकत्र बांधणाऱ्या प्रोग्रामची, पूर्ण कमांड एका स्ट्रिंगमध्ये भरा, फोल्डरच्या नावाला आतून दुहेरी अवतरण द्या आणि चालवा. टार म्हणेल, ‘"लग्नाचे’ ही फाइल नाही आणि ‘फोटो"’ हीसुद्धा नाही; अवतरणचिन्हं नावांना चिकटलेली दिसतील. कारण शेल अवतरणं, पाइप आणि > ही चिन्हं ओळ वाचतानाच ओळखतं. व्हेरिएबल उघडतं त्यानंतर. उघडल्यावर आयएफएस या व्हेरिएबलप्रमाणे, म्हणजे एरवी स्पेस, टॅब आणि नव्या ओळीवर, तुकडे पडतात आणि * सारखी चिन्हं फाइलनावांत उलगडतात, बस्स. आतल्या अवतरणांआधी कितीही बॅकस्लॅश लावा, उपयोग शून्य.

इथे कुणीतरी ‘इव्हॅल लाव’ म्हणतंच. लावलं की चालतं, कारण इव्हॅल तीच ओळ शेलला नव्याने वाचायला लावतं. पण मग फाइलच्या नावात $( ), म्हणजे आतली कमांड चालवणारं चिन्ह, असलं, तर ते नावही कमांड म्हणून चालतं. ज्या फोल्डरमध्ये दुसरं कुणी फाइल टाकू शकतं तिथे इव्हॅल नकोच, असं माझं स्पष्ट मत आहे.

बॅश असेल तर अ‍ॅरे घ्या: प्रत्येक शब्दाला स्वतंत्र घर, अट जुळली की += ने पुढचा पर्याय. चालवताना अ‍ॅरे दुहेरी अवतरणात आणि [@] सह लिहा. [*] सगळ्यांचा एकच शब्द करतं. मॅकवरच्या बॅश 3.2 मध्ये सेट -यू (न दिलेलं व्हेरिएबल वापरलं तर चूक धरणारी सेटिंग) चालू असताना रिकामा अ‍ॅरे उलगडला तर स्क्रिप्ट थांबते, हे 4.4 मध्ये सुधारलं. डॅशमध्ये सेट -- (आर्ग्युमेंटची यादी बदलणारं) आणि "$@" (ती यादी जशीच्या तशी देणारं) यांवर भागतं, फक्त ते फंक्शनच्या आत करा, नाहीतर स्क्रिप्टला दिलेले आर्ग्युमेंट पुसले जातात.

शेवटी शेलचेक, म्हणजे स्क्रिप्टमधल्या चुका दाखवणारा प्रोग्राम, चालवा; असल्या स्ट्रिंगवर तो एससी2089 आणि एससी2090 हे इशारे देतो. कमांड फाइली पुसणारी आरएम असेल तर आधी बॅशच्या प्रिंटएफमधल्या %q ने (ते शेलला पुन्हा वाचता येईल अशा रूपात छापतं) कमांड नुसती छापून बघा. क्रॉनच्या, म्हणजे ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सेवेच्या, लॉगमध्ये देवनागरी नाव \340\244 असं दिसलं तर फाइल बिघडलेली नसते, तिथलं लोकेल (भाषा आणि अक्षरांची सेटिंग) यूटीएफ-8 नसतं. आणि सेट -एक्स (चालणारी प्रत्येक कमांड छापणारी सेटिंग) चालू ठेवणार असाल, तर पासवर्ड असलेल्या ओळीआधी ते बंद करा, कारण तोही लॉगमध्ये उतरतो.