खोलीला नंबर द्या, पत्ता नको: भुतांच्या गेमचा मिनी प्रोजेक्ट

सेकंड इयरला डेटा स्ट्रक्चर्सचा मिनी प्रोजेक्ट म्हटलं की बहुतेक ग्रुप लायब्ररी मॅनेजमेंट नाहीतर पार्किंग घेतात. आम्ही चौघांनी भुतांचा गेम घेतला. कुडाळला माझ्या आजीचं घर आहे, तसंच एक घर, त्यात मुंजा, हडळ, चकवा आणि कुठेतरी पुरलेला मोहरांचा हंडा. चित्रं नाहीत, सगळं टाइप करून खेळायचं. भाषा सी प्लस प्लस, साधारण सातशे ओळी. आता ज्युनियर्स येऊन तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय.

लॅपटॉप उघडू नका. आधी वहीच्या मधल्या जोडपानावर घर काढा. आमचं असं होतं: खळं, ओटी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, माळा, परडं, विहीर. आठ झाल्या. नववं तळघर, विहिरीच्या आतून जायचं, पण किल्ली मिळाल्यावरच. प्रत्येक चौकटीत कोपऱ्यात नंबर लिहा, शून्यापासून. खळं 0, विहीर 7, तळघर 8. हे नंबर पुढे सगळीकडे लागणार आहेत, म्हणून पेनाने लिहा.

आता खोलीचं स्ट्रक्चर, म्हणजे एका खोलीची सगळी माहिती एकत्र ठेवणारा साचा. नाव, वर्णन, आणि सहा पूर्णांकांचा एक ॲरे (ओळीने मांडलेली घरं): उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम, वर, खाली. ॲरेच्या प्रत्येक घरात त्या दिशेला असलेल्या खोलीचा नंबर. वाट नसेल तर उणे एक. झालं, हाच तुमचा ग्राफ, म्हणजे ठिकाणं आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, ‘ॲडजसन्सी मॅट्रिक्स (कुठल्या खोलीतून कुठल्या खोलीत वाट आहे याचा चौकोनी तक्ता) का नाही घेतलं?’ हा प्रश्न ठरलेला आहे. नऊ खोल्यांचं मॅट्रिक्स म्हणजे 81 घरं, आणि आमच्या घरात वाटा मोजून 17. पण जागा वाचली हे खरं उत्तर नाही, 81 पूर्णांकांनी कुणाचा कॉम्प्युटर बुडत नाही. खरं उत्तर हे की साध्या मॅट्रिक्सला ‘वाट आहे’ एवढंच कळतं, ती उत्तरेला आहे की वर माळ्यावर, हे कळत नाही.

दिशांना नंबर देताना जोड्या शेजारी ठेवा: उत्तर 0, दक्षिण 1, पूर्व 2, पश्चिम 3, वर 4, खाली 5. मग उलटी दिशा काढायला सहा इफ लागत नाहीत. सम असेल तर एक मिळवा, विषम असेल तर एक वजा करा (एकशी एक्सऑर केलं की हेच होतं). खोल्या जोडणारं एकच फंक्शन लिहा, त्यानेच जाण्याची आणि येण्याची अशा दोन्ही वाटा भरायच्या. आम्ही सुरुवातीला हाताने भरल्या, तर माळ्यावर चढलेला खेळाडू खाली उतरून थेट देवघरात.

चकव्यासाठी मात्र वेगळं, एकेरी जोडणारं फंक्शन. परड्यातून पश्चिमेला गेलात की खळ्यात याल, पण खळ्यातून पूर्वेला गेलात तर परडं नाही. चकवा लागणं म्हणजे काय, हे आजी गोष्टीत सांगायची. डायरेक्टेड ग्राफ, म्हणजे ज्यात वाटा एकेरी असू शकतात, मला तेव्हा कळला, लेक्चरमध्ये नाही.

आता ती चूक, जिच्यापायी मी हे लिहायला बसले.

पहिल्या आवृत्तीत दिशांच्या घरांत आम्ही नंबर ठेवले नव्हते, पॉइंटर ठेवले होते, म्हणजे खोलीचा मेमरीतला पत्ता. पॉइंटर म्हणजे कसं भारी वाटतं. खोल्या व्हेक्टरमध्ये, म्हणजे लागेल तसा वाढणाऱ्या ॲरेमध्ये होत्या. आठ खोल्या भरल्या, पॉइंटरने जोडल्या, सगळं झकास. डेमोच्या आदल्या रात्री किल्ली विहिरीत लावली, तळघर म्हणून नववी खोली व्हेक्टरमध्ये ढकलली गेली, आणि पुढच्या पावलाला खोलीच्या नावाऐवजी स्क्रीनवर कचरा. मित्राच्या लॅपटॉपवर तोच प्रोग्रॅम व्यवस्थित चालत होता, म्हणून दोन तास आम्ही माझ्याच लॅपटॉपला शिव्या घालत होतो.

झालं होतं असं. व्हेक्टरची जागा संपली की तो दुसरीकडे मोठी जागा घेतो, सगळं सामान तिकडे हलवतो आणि जुनी जागा सोडून देतो. जीसीसी या कंपायलरमध्ये एकेक वस्तू ढकलत गेलात तर क्षमता 1, 2, 4, 8, 16 अशी दुप्पट होत जाते. नववी खोली आली आणि अख्खं घर उठून दुसऱ्या गल्लीत गेलं. आमचे पॉइंटर जुन्याच पत्त्यावर. सोडलेल्या जागेत जुनी माहिती कधी कधी तशीच पडून राहते, म्हणून मित्राकडे चाललं. ते चालणं जास्त वाईट. लिनक्स असेल तर कंपाइल करताना ॲड्रेस सॅनिटायझर आणि -g लावा, मोकळ्या केलेल्या मेमरीला हात लागला की तो ओळ क्रमांकासकट बोंब मारतो.

नंबर ठेवले की हा प्रश्नच उरत नाही. घर कुठेही हललं तरी सात नंबरची खोली सात नंबरचीच. शिवाय गेम सेव्ह करता येतो: नंबर फाइलमध्ये लिहिता येतात, पॉइंटर लिहून उपयोग नाही, कारण पुढच्या वेळी प्रोग्रॅम सुरू झाल्यावर तो पत्ता भलत्याचाच असेल. एकच पथ्य पाळा. नवी खोली नेहमी शेवटी घाला, मध्ये घुसवलीत तर जुन्या सेव्ह फाइलमधला खेळाडू भलत्याच खोलीत जागा होईल.

वस्तूंचं थोडक्यात. वस्तूची जात वेगळी आणि प्रत्यक्ष वस्तू वेगळी ठेवा. कंदिलाचं नाव, वजन, वर्णन हे जातीत. या कंदिलात तेल किती उरलंय, हे वस्तूत. आणि वस्तू कुठे आहे हे एकाच जागी लिहा. आम्ही खोलीतही यादी ठेवली आणि झोळीतही, मग कंदील उचलल्यावरही माजघरात तेवतच होता. आता प्रत्येक वस्तूत एक ‘ठिकाण’ असतं: खोलीचा नंबर, किंवा झोळीत असेल तर उणे एक. खोलीत काय काय आहे हे दाखवायला सगळ्या वस्तू तपासाव्या लागतात, पण वस्तू आहेतच चौदा. कॉम्प्लेक्सिटी विचारली तर बिग ओ ऑफ एन सांगा (जितक्या वस्तू, तितकं काम) आणि लाजू नका.

मुंजा पिंपळावरून हलत नाही, त्याला एक बूल (हो किंवा नाही) पुरे. हडळ मात्र मागे लागते, तिला बीएफएस हवा, म्हणजे एकेक पाऊल लांबच्या खोल्या क्रमाने तपासत सगळ्यात जवळची वाट काढणारा शोध. आम्ही तो खेळाडूच्या खोलीपासून सुरू केला होता, म्हटलं एका फेरीत सगळी अंतरं मिळतील. खेळाडू परड्यात, हडळ खळ्यात, आणि बाई चकव्याच्या वाटेने उलटी चालत एका पावलात हजर. खरं तर तिला ओटी, माजघर, स्वयंपाकघर करत चार पावलं लागायला हवी होती. एकेरी वाट असली की शोध हडळीपासूनच सुरू करायचा. प्रत्येक खोलीला ‘आधीची खोली’ लिहून ठेवा, खेळाडूपासून मागे मागे येत हडळीचं पुढचं पाऊल काढा. खेळाडू सापडलाच नाही तर हडळ जागेवर.

‘मागे’ या आज्ञेसाठी स्टॅक, म्हणजे शेवटी ठेवलेलं आधी बाहेर येणारी चळत. चकव्यात शिरलं की आम्ही तो रिकामा करतो, नाहीतर चकव्याला अर्थ काय.

मराठी वर्णनांचा हट्ट असेल तर आधी लॅबच्या मशीनवर एक ओळ छापून बघा. आमच्या लॅबमध्ये नुसते चौकोन आले आणि शेवटी सगळं रोमन लिपीत लिहावं लागलं. यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) ‘विहीर’ या शब्दाची लांबी सी प्लस प्लसची स्ट्रिंग 15 सांगते, कारण पाच चिन्हं, प्रत्येकी तीन बाइट. त्या भरवशावर रकाने जुळवायला जाऊ नका.

व्हायव्हाला वहीचं ते जोडपान घेऊन जा. एक्स्टर्नल सरांनी (बाहेरून आलेल्या परीक्षकांनी) आमचा कोड दोन मिनिटं पाहिला, नकाशा दहा मिनिटं. मग म्हणाले, आत्ता इथे एक खोली वाढवून दाखवा. मी खळ्याच्या दक्षिणेला मांगर काढला, कोपऱ्यात 9 लिहिलं. कोडमध्ये दोन ओळी गेल्या, एक खोली ढकलायची, एक जोडायची. कंपाइल होईपर्यंत सर विचारत होते, मांगर म्हणजे काय.