हेडिसचं कोडिंग करताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या दवाखान्यांचे क्लेम (विमा कंपनीला जाणारी बिलं) कोड करायला बसलेल्या नव्या मुलांना ई अँड एम लेव्हल (डॉक्टरांच्या भेटीची पातळी) लवकर जमतात, आयसीडी-टेन (निदानाचे कोड) ही हळूहळू अंगवळणी पडतं. हेडिसचं काम आलं की मात्र दर बॅचमध्ये तेच ते घोळ. हेडिस ही एनसीक्यूए या संस्थेची मोजमापं. मधुमेह्याची साखर आटोक्यात आहे का, बाळंतिणीची तपासणी वेळेत झाली का, रक्तदाब १४०/९० च्या खाली आहे का, वगैरे. त्यावर विमा प्लॅनचं मूल्यमापन होतं आणि बऱ्याच करारांत डॉक्टरांचा बोनसही ठरतो. प्लॅन हे सगळं मुख्यतः क्लेमवरून वाचतो. चार्टमध्ये लिहिलेलं पण क्लेमवर न गेलेलं काम त्याच्या लेखी झालेलंच नसतं.

सीपीटी टू कोड म्हणजे फुकटचं काम, हा समज

‘याचे पैसे मिळत नाहीत, मग टाकायचे कशाला?’ हे वाक्य ऐकून कान किटले. सीपीटी टू म्हणजे तपासणीचा निकाल किंवा झालेलं काम फक्त नोंदवणारे कोड. एचबीए१सीचा (सरासरी साखर सांगणाऱ्या रक्तचाचणीचा) निकाल सांगणारे कोड चारच आहेत: ७ च्या खाली ३०४४एफ, ७ पासून ८ च्या आत ३०५१एफ, ८ ते ९ ला ३०५२एफ आणि ९ च्या वर ३०४६एफ. नेमका ९.० आला तर ३०५२एफ. जुना ३०४५एफ २०१९ मध्येच बंद झाला, तरी कुणाच्या तरी चीटशीटमधून तो अजून डोकं वर काढतो. आणि खरी मेख ही की ज्या मधुमेह्याचा निकालच प्लॅनपर्यंत पोहोचला नाही, तो ‘नऊच्या वर’ असाच धरला जातो.

आमच्याकडे एका फॅमिली प्रॅक्टिसचं काम होतं. डॉक्टरबाई काटेकोर, चाचण्या वेळेवर, आकडे नोटमध्ये. वर्षअखेरीच्या गॅप रिपोर्टमध्ये (प्लॅनच्या हिशेबी राहिलेल्या कामांच्या यादीत) मात्र त्यांचे बहुतेक मधुमेही अनियंत्रित. एक चार्ट उघडला. ए१सी ६.८, कोडरनं ३०४४एफ टाकलेला, आमच्या स्क्रीनवर ओळ स्वच्छ दिसते. मग त्या क्लेमची ८३७ फाईल (प्लॅनला जाणारा इलेक्ट्रॉनिक क्लेम) काढून ओळ न् ओळ वाचली. ऑफिस व्हिजिट होती, शिरेतून रक्त काढल्याचा ३६४१५ होता, ३०४४एफ गायब! क्लेम बाहेर जाताना बिलिंग सॉफ्टवेअर शून्य डॉलरची ओळ गाळून टाकत होतं. ना एरर, ना रिजेक्शन, त्यामुळे कुणाला पत्ताच नाही. चार्ज ०.०० चा ०.०१ केला आणि ओळी जायला लागल्या. गेलेल्या वर्षाचे लॅब रिपोर्ट मग सप्लिमेंटल डेटा (क्लेमबाहेरची पूरक माहिती) म्हणून पाठवावे लागले. काही मुदतीत बसले, काही नाही.

तेव्हापासून नवा क्लायंट आला की सीपीटी टू असलेले थोडे क्लेम निवडून मी त्यांचा ईआरए (प्लॅनकडून येणारा क्लेमचा हिशेब) येईपर्यंत माग काढते. त्या ओळीला एन६२० दिसला की जीव भांड्यात पडतो. ओळ पोहोचली, फक्त गुणवत्तेच्या नोंदीसाठी घेतली, एवढाच त्याचा अर्थ. हा डिनायल नाही. उतावळी मुलं तो डिनायल समजून ओळ काढतात आणि क्लेम दुरुस्त करून परत पाठवतात, म्हणजे पोहोचलेली नोंद आपल्याच हातानं पुसतात. कृपा करून असं करू नका.

शंका म्हणजे निदान नव्हे

ही चूक मला जास्त लागते, कारण ती थेट रुग्णापर्यंत जाते. नोटमध्ये होतं: खूप तहान, वारंवार लघवी, ‘रूल आउट डायबेटिस’ (मधुमेह नाही ना, ते तपासा). ओपीडीच्या कोडिंगमध्ये ‘सस्पेक्टेड’, ‘प्रोबेबल’, ‘रूल आउट’ यांना पक्कं निदान धरत नाहीत, लक्षणं कोड करतात. म्हणजे इथे आर६३.१ (तहान) आणि आर३५.० (वारंवार लघवी). कोडरनं दिला ई११.९, म्हणजे मधुमेह. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी स्पष्ट प्रीडायबेटिस लिहिलं, म्हणजे आर७३.०३. पण दुसऱ्या कोडरनं वेळ वाचवायला मागचा क्लेम पाहून तोच कोड उतरवला. दोन वेगळ्या तारखांना मधुमेह पडला आणि ती बाई मधुमेह्यांच्या यादीत गेली. प्लॅनकडून तिला फोन: डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, मूत्रपिंडाची तपासणी राहिलीय. ती घाबरून दवाखान्यात, की मला मधुमेह झालाय हे मला कुणी सांगितलं कसं नाही! दोन्ही क्लेम फ्रिक्वेन्सी कोड ७ (जुन्या क्लेमऐवजी नवा, ही खूण) घालून, मूळ क्लेम नंबर देऊन बदलावे लागले.

मी आधी नोटमधलं असेसमेंट आणि प्लॅन (डॉक्टरांचं निदान आणि पुढचे उपचार) वाचते, मग बाकीची नोट, प्रॉब्लेम लिस्ट सगळ्यात शेवटी. मागचा क्लेम उघडतच नाही. यात वेळ जातो, जाऊ द्या.

बाकीच्या, थोडक्यात

- ‘हिस्टरेक्टॉमी झाली’ एवढ्यावर झेड९०.७१० देऊ नका. त्याला गर्भाशय आणि गर्भाशयमुख दोन्ही काढलेलं हवं. मुख शिल्लक असेल तर झेड९०.७११, आणि तिची गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी चालूच राहायला हवी. स्पष्ट नसेल तर डॉक्टरांना क्वेरी (लेखी विचारणा).
- ५९४०० च्या ग्लोबल बिलात (गरोदरपण आणि बाळंतपणाचं एकत्र बिल) बाळंतपणानंतरची भेट दिसत नाही. ०५०३एफ खऱ्या तारखेसह टाका. मुदत बाळंतपणानंतर ७ ते ८४ दिवस.
- एकाच दिवशी दोन-तीन वेळा बीपी घेतलं असेल तर सर्वात कमी सिस्टॉलिक आणि सर्वात कमी डायस्टॉलिक घ्या. ते वेगवेगळ्या रीडिंगमधले असले तरी चालतात.
- जुन्या स्ट्रोकला ओपीडीत आय६३ (ताज्या स्ट्रोकचा कोड) नको. मागे काही शिल्लक नसेल तर झेड८६.७३.
- १पी, २पी, ३पी किंवा ८पी मॉडिफायर (कोडला जोडलेली, काम न झाल्याची खूण) लागलेला सीपीटी टू कोड हेडिस मोजत नाही.
- आयसीडीचे मुख्य बदल १ ऑक्टोबरला, सीपीटीचे (तपासण्या-उपचारांच्या कोडचे) १ जानेवारीला. कोणता कोड चालेल ते भेटीच्या तारखेवर ठरतं, तुम्ही क्लेम कधी करताय त्यावर नाही.

डिसेंबर आला की क्लायंटचे ‘गॅप बंद करा’चे मेल सुरू होतात आणि मुलं चार्टमध्ये नसलेलं क्लेमवर घालायला धजावतात. सरकारी पैशाच्या प्लॅनवर हे जाणूनबुजून केलं तर प्रकरण फॉल्स क्लेम्स ॲक्टपर्यंत (सरकारला खोटी बिलं देण्याविरुद्धचा कायदा) जाऊ शकतं. चार्टमध्ये पुरावा नसेल तर क्वेरी पाठवा, तिची तारीख नोंदवून ठेवा, आणि उत्तर येईपर्यंत गॅप उघडीच राहू द्या.