फॉर्म भरले, आकडा आला, पुढे काय? शाळेतल्या चिंता-तपासणीचं मूल्यमापन करताना या चुका टाळा

जूनमध्ये प्रश्नावली भरून घ्यायची, ज्यांचे गुण जास्त आले त्यांची गटसत्रं घ्यायची, एप्रिलमध्ये पुन्हा तीच प्रश्नावली द्यायची आणि ‘मुलांची चिंता निम्म्यावर आली’ असा अहवाल लावायचा. खान्देशातल्या कुठल्याही तालुक्यात हे सहज जमेल. फक्त त्या अहवालावरून उपक्रम चालला की नाही, हे कळत नाही.

तुलनेला कोणी नाही

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. जास्त गुणांची मुलं वेचून घेतली की त्यांत काहींचा नेमका तो आठवडा वाईट गेलेला असतो. काहीही न करता दुसऱ्यांदा मोजलं तरी त्यांचे गुण खाली येतात. त्यात शाळेचं वेळापत्रक भर घालतं. पहिली मोजणी फेब्रुवारीत, दहावीच्या तोंडावर, आणि दुसरी परीक्षा आटोपल्यावर झाली, तर चिंता उतरणारच. ते श्रेय सत्रांना कसं देणार?

उपाय अवघड नाही. तालुक्यातल्या शाळांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाका. निम्म्या शाळांत उपक्रम जूनपासून, उरलेल्यांत दिवाळीनंतर. दोन्हीकडची दुसरी मोजणी मात्र दिवाळीच्या सुट्टीआधी, एकाच आठवड्यात. कोणी वंचित राहत नाही आणि तुलनाही मिळते. चिठ्ठ्या शाळांच्या टाका, मुलांच्या नकोत. एकाच वर्गातली मुलं सत्रात ऐकलेलं एकमेकांना सांगतातच. आणि दोन शाळा विरुद्ध दोन शाळा म्हणजे चारच नमुने, मुलं सहाशे असली तरी.

ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या ८ हजारांहून जास्त मुलांवर सजगता-प्रशिक्षणाची (माइंडफुलनेस) अशीच चाचणी झाली. २०२२ मध्ये निष्कर्ष आला: नेहमीच्या शिकवणीपेक्षा फायदा नाही. तुलनेच्या शाळा नसत्या तर हे कळलंच नसतं. बिहारमध्ये नालंदा जिल्ह्यातल्या ७४ शाळांत झालेली ‘सेहर’ चाचणी आपल्याला जास्त जवळची. तिचा भर चिंतेवर नव्हता, मुख्यतः शाळेच्या वातावरणावर होता. तोच कार्यक्रम प्रशिक्षण दिलेल्या पण व्यावसायिक नसलेल्या समुपदेशकांनी राबवला तिथे फरक पडला, शिक्षकांवर सोपवला तिथे पडला नाही. आधीच कामाखाली दबलेल्या गुरुजींवर हेही टाकणाऱ्यांनी हा निष्कर्ष वाचावा.

तपासणीलाच निदान समजणं

मुलांची चिंता तपासणाऱ्या ‘स्केअर्ड’ या प्रश्नावलीत ४१ प्रश्न आहेत आणि २५ किंवा जास्त गुण आले तर पुढची तपासणी करा, असा संकेत आहे. पुढची तपासणी करा, एवढाच. समजा हजार मुलांत ७० जणांना खरोखर मदत लागेल इतकी चिंता आहे. प्रश्नावली चिंता असलेल्या शंभरातल्या ८० जणांना पकडते आणि नसलेल्या शंभरातल्या ८० जणांना बरोबर सोडते. मग ७० पैकी ५६ सापडतील आणि ९३० मधले १८६ उगाच यादीत येतील. यादीत नावं २४२, खरी ५६. चारात एकसुद्धा नाही. म्हणून प्रत्येक नावामागे जाणत्या माणसाने मुलाशी आणि घरच्यांशी बोलणं ही दुसरी पायरी हवीच. त्याआधी वर्गात यादी फिरली, की ‘भित्रा’ हे नाव त्या पोराला वर्षभर चिकटतं.

यादीत कोणीच आलं नाही तर

आनंद मानू नका. फॉर्म भरताना वर्गशिक्षक डोक्याशी उभे होते का, ते आधी विचारा. बाक लांब ठेवा, नाव नको, क्रमांक वापरा, कागद शिक्षकखोलीच्या कपाटात नको. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या आश्रमशाळांत घरची बोली भिली किंवा पावरी असते. तिथे प्रश्न बोलीत मोठ्याने वाचून दाखवणारं ओळखीचं माणूस लागतं. अहिराणी बोलणारं पोरगं ‘पोट दुखस’ म्हणून घरी राहतं. ‘चिंता’ हा शब्द त्याच्या तोंडी येत नाही. त्यामुळे अंगावर उमटणारी लक्षणं प्रश्नावलीत आहेत ना, हे पाहून घ्या.

त्या दिवशी गैरहजर कोण होतं?

चिंतेमुळे शाळा टाळणारं मूल तपासणीच्या दिवशीही नसतं. ऊसतोडीला गेलेल्या घरातलं मूल दिवाळीनंतरच्या मोजणीत नसतं. दोघांना गाळून काढलेली सरासरी छान दिसते. गैरहजरांसाठी दुसरा दिवस ठेवा, तरी न सापडलेल्यांचा आकडा अहवालात लिहा. शिक्षकांनी सुचवलेल्या नावांवरही विसंबू नका. दंगा करणारं पोरगं लक्षात येतं, मागच्या बाकावरचं गप्प बसणारं ‘शहाणं’ ठरतं.

फॉर्म मोजले, मदत मोजली नाही

अहवालात एवढे आकडे ओळीने हवेत: किती तपासले, किती यादीत आले, किती जणांशी प्रत्यक्ष बोलणं झालं, किती जणांना पुढे पाठवलं, किती पोहोचले, किती जणांनी उपचार पूर्ण केले. सोबत हजेरीपट. आणि कोणाला त्रास झाला का, कोणाची चिडवाचिडवी झाली का, हेही. पाठवायची जागा ठरलेली नसेल तर तपासणी सुरूच करू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक पालकांना द्या, पण त्यालाच सगळी व्यवस्था समजू नका.

‘पाठवलं’ आणि ‘पोहोचले’ या दोन आकड्यांतच बहुतेक गळती होते. जिल्ह्याच्या रुग्णालयात जायचं म्हणजे आईबापाची मजुरी बुडते, वर एसटीचं भाडं. अशा वेळी पालकांना बेफिकीर म्हणण्याआधी समुपदेशक आठवडे बाजाराच्या दिवशी तालुक्याला बसवून पाहा, आणि आकडा हलतो का ते पुढच्या तीन महिन्यांत मोजा.