थंडीतली घोड्याची निगा: मुंबई परिसरातल्या पागा-तबेल्यांसाठी सल्ला

सांताक्रूझला आजवर नोंदलं गेलेलं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश आहे, तेही २२ जानेवारी १९६२ रोजीचं. एरवी जानेवारीची पहाट १६-१७ अंशांच्या आसपास असते. पोटभर गवत खाणाऱ्या धडधाकट घोड्याला एवढा गारठा सहज झेपतो. तरीही पोटशूळ आणि खोकला नेमके याच दिवसांत डोकं वर काढतात. याचं कारण बहुतेकदा आपणच बदललेला चारा आणि आपणच बंद केलेला वारा.

आधी पाण्याचं बघा. पावसाळ्यात ओल्या गवतातून बरंच पाणी पोटात जातं. दिवाळीनंतर तोच घोडा सुक्या गवतावर येतो आणि पहाटेचं गार पाणी मात्र नुसतं हुंगून सोडतो. सुका चारा आतड्यात कोंबला जातो, लीद बारीक आणि कडक पडते, मग पोट दुखू लागतं. साडेतीनशे-चारशे किलोच्या देशी घोड्याला दिवसाला निदान २०-२५ लिटर पाणी लागतं, वरातीच्या दिवशी त्याहून जास्त. रोज किती बादल्या संपल्या ते मोजाच. पहाटे कोमट पाणी ठेवलं तर घोडा जास्त पितो. चंदीत, म्हणजे दाण्याच्या खुराकात, रोज दोन चमचे मीठ घाला आणि कोंडा भिजवूनच द्या.

चारा वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे या घोड्याला पाच ते आठ किलो सुकं गवत. त्यातला मोठा वाटा रात्री टाका. गवत मोठ्या आतड्यात आंबताना जी ऊब तयार होते, तिच्यावर रात्र निघते. थंडी वाढली की हरभरा वाढवायची आपली पद्धत उलटी आहे: गवत वाढवा, हरभरा आहे तेवढाच ठेवा. भातकापणीनंतर कर्जत-वसईकडचा पेंढा स्वस्तात मिळतो. तो खाली अंथरायला घ्या, फक्त पेंढ्यावर घोडा पोसू नका. नवा चारा आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला. गाई-म्हशींची किंवा कोंबड्यांची पेंड घोड्यापुढे टाकू नका. काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं आणि ते घोड्याच्या हृदयाला घातक आहे.

तबेला चारही बाजूंनी ताडपत्रीने बांधून टाकणं ही दुसरी चूक. आत मुताचा उग्र वास कोंडतो, त्यात गवताची धूळ आणि बाहेरचा धुरकट धुरळा. खोकला इथेच सुरू होतो. वारा थेट अंगावर येतो ती एकच बाजू बांधा, वरची फट मोकळी सोडा. गवत झटकून, पाणी शिंपडून द्या. झाडलोट घोडा बाहेर असताना करा. शेकोटी तबेल्यापासून लांब. सुकं गवत पेटायला वेळ लागत नाही.

तुळशीच्या लग्नानंतर वराती सुरू होतात. घोडी जरीच्या झुलीखाली, बँड आणि दिव्यांच्या गर्दीत घामाघूम होते आणि रात्री अकराला उघड्या टेम्पोतून घरी निघते. थंडी खरी बाधते ती इथे. झूल काढा, कोरड्या गोणपाटाने घाम पुसा, दहा-पंधरा मिनिटं सावकाश चालवा, पाणी द्या. चंदी तासाभराने. ओल्या अंगावर घोंगडं टाकू नका, रात्री आंघोळ घालू नका. रम किंवा ब्रँडी पाजणं तर सरळ बंद करा. खरारा रोज करा. वाढलेल्या केसांखाली बरगड्या दिसत नाहीत, म्हणून हात फिरवून चाचपा. नालबंदी पाच-सहा आठवड्यांनी, नेहमीप्रमाणे.

घोडा कुशीकडे वळून पाहत असेल, पाय आपटत असेल, लोळत असेल किंवा लीद थांबली असेल, तर चारा काढून घ्या आणि लगेच पशुवैद्यकाला बोलवा. नळीने तेल ओतू नका. फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया. गुदद्वारातलं तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश असतं, नाडी मिनिटाला २८ ते ४४. निरोगी असतानाच ते मोजायला शिका. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालापासून मुंबईतच आहे, तेव्हा वैदूकडे धावायची गरज नाही.

दत्तजयंतीच्या सारंगखेड्याच्या यात्रेतून घोडा आणणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. खानदेशातल्या रात्री इथल्यापेक्षा बऱ्याच थंड असतात, त्यामुळे तिकडच्या घोड्याला दाट केस आलेले असतात. मुंबईच्या दुपारी त्याला घोंगडं नको, सावली हवी. आणल्यावर किमान तीन आठवडे तो इतर घोड्यांपासून वेगळा बांधा. बादली, तोबरा, खराराही वेगळा. नाकातून चिकट शेंबूड, पायावर गाठी किंवा फुटणारे फोड दिसले तर ग्लँडर्सचा संशय घ्या. हा रोग माणसालाही होतो. हातमोजे आणि मास्क घाला, मुलांना लांब ठेवा, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवून रक्त तपासून घ्या आणि अहवाल येईपर्यंत तो घोडा विकू किंवा हलवू नका.