लंडनहून डब्लिनला रग्बी बघायला जाताय? या चुका टाळा

सिक्स नेशन्स (सहा युरोपीय संघांची दर वर्षीची रग्बी स्पर्धा) जवळ आलं की आमच्या लंडनच्या मराठी ग्रुपवर दर वर्षी तोच प्रश्न पडतो: "डब्लिनला व्हिसा लागत नाही ना?" भारतीय पासपोर्ट असेल तर लागतो. ब्रिटन आणि आयर्लंडमधली मोकळी ये-जा त्या दोन देशांच्या नागरिकांपुरती आहे. तुमच्याकडे स्किल्ड वर्कर व्हिसा असो की आयएलआर (ब्रिटनमध्ये कायम राहण्याची परवानगी), आयर्लंडचा व्हिसा वेगळा काढावाच लागतो.

आमच्या एका मित्राचे आईवडील पुण्याहून ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसावर आले आणि त्याच व्हिसावर डब्लिन बघून गेले. आईबाबांना चालतं, मी तर इथे नोकरी करतो, टॅक्स भरतो, मग मला का नाही चालणार, असा त्याचा हिशेब. पण आईबाबांच्या व्हिसावर 'बीआयव्हीएस' (ब्रिटिश-आयरिश व्हिसा स्कीम) असा शेरा होता. ती सोय थोड्या दिवसांसाठी येणाऱ्या पाहुण्यांना आहे, इथे राहणाऱ्यांना नाही. मी त्याला दोनदा सांगितलं, त्याने "बघू रे" म्हणून सोडून दिलं. शुक्रवारी संध्याकाळी विमानतळावर कागद तपासताना त्याला बाजूला काढलं आणि विमानात बसूच दिलं नाही. विमान, हॉटेल, मॅचचं तिकीट, सगळे पैसे गेले. ब्रिटिश पासपोर्टवाला त्याचा रूममेट आमच्याबरोबर आरामात गेला, त्याचं त्याला जास्त लागलं.

यावर कुणीतरी हमखास सुचवतं: बेलफास्टला उतरा (ते उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे यूकेतच), तिथून बसने डब्लिन, सीमेवर कोण विचारतंय? विचारतात. आयरिश पोलीस बस आणि ट्रेन थांबवून कागद बघतात. एका मॅचसाठी आपला इथला व्हिसा इतिहास खराब करून घेणाऱ्याबरोबर मी प्रवासच करत नाही. सामन्यांच्या तारखा खूप आधी जाहीर होतात आणि प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो. मी आठ आठवडे हाताशी ठेवतो. व्हिसा लागलेला पासपोर्ट हातात आल्यावरच विमानाचं तिकीट.

मॅचची तिकिटं बरीचशी रग्बी क्लबांमार्फत वाटली जातात, खुल्या विक्रीत थोडीच येतात. अनोळखी माणसाकडून स्क्रीनशॉट विकत घेऊ नका.

दुसरी चूक स्टेडियममधली, आणि ती मला व्हिसाइतकीच खटकते. डब्लिनमधल्या मॅच जिथे होतात त्या अविवा स्टेडियममध्ये ५१,७०० माणसं बसतात आणि दोन्ही संघांचे पाठीराखे शेजारी-शेजारी असतात. पेनल्टीची (समोरच्याच्या चुकीबद्दल मिळणारी) किंवा कन्व्हर्जनची (चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवून 'ट्राय' केल्यावर मिळणारी) किक घ्यायला खेळाडू उभा राहिला की शांत राहायचं, मग तो समोरच्या संघाचा का असेना. वानखेडेवर बॉलर धावत येताना आपण जो गलका करतो, तो इथे नाही चालत. आमच्यातल्या एका नवख्याने इंग्लंडच्या किकला शिट्टी मारली. पुढच्या रांगेतले आयरिश आजोबा, स्वतः आयर्लंडचा हिरवा मफलर घातलेले, मागे वळून फक्त त्याच्याकडे बघत राहिले. तो पोरगा नंतर बराच वेळ गप्प होता. ही शांतता प्रत्यक्ष अनुभवण्यासाठी तरी एकदा जावं, असं मी सगळ्यांना सांगतो. आणि निदान गुण माहीत करून जा: ट्रायचे पाच, कन्व्हर्जनचे दोन, पेनल्टी आणि ड्रॉप गोलचे (चालू खेळात चेंडूचा टप्पा पाडून मारलेल्या किकचे) तीन-तीन.

ए-फोर कागदापेक्षा मोठी बॅग नेऊ नका. छत्रीऐवजी टोपीवाला रेनकोट घ्या. उत्तरेकडचा स्टँड मागच्या घरांमुळे बुटका ठेवलाय, तिथे वारा-पाऊस थेट लागतो.

मॅच संपल्या संपल्या लॅन्सडाउन रोड स्टेशनकडे पळू नका. डार्टसाठी (डब्लिनची लोकल ट्रेन) ताटकळण्यापेक्षा गर्दीबरोबर चालत निघा, अर्ध्या-पाऊण तासात शहराच्या मध्यावर पोहोचता. आणि परतीचं विमान शनिवारी रात्रीचं घेऊ नका, मॅच लांबली की शेवटची दहा मिनिटं घड्याळाकडे बघण्यात जातात. रविवार दुपारचं घ्या.