नवी गाडी की तीन वर्षं वापरलेली? घसाऱ्याचा हिशोब आणि जुनी गाडी पारखण्याची पद्धत

गाडी घेताना बहुतेक जण दोनच आकडे विचारतात: किंमत किती आणि हप्ता किती. विकताना हातात काय उरेल हा तिसरा आकडा सहसा कोणाच्या डोक्यातच नसतो, आणि पहिल्या काही वर्षांत मालकाचा सर्वांत जास्त पैसा बहुधा तिथेच जातो. इंधन, विमा, सर्व्हिसिंग यांची बिलं येतात, म्हणून ते खर्च जाणवतात. घसाऱ्याचं, म्हणजे उतरत जाणाऱ्या किमतीचं, बिल कोणी पाठवत नाही.

नवी गाडी पहिल्या वर्षात साधारण 15 ते 25 टक्के किंमत गमावते आणि पाच वर्षांत निम्म्याच्या आसपास येते. पहिला धक्का एवढा मोठा बसतो त्याचं एक कारण सरळ आहे. नव्या गाडीच्या किमतीत कर, नोंदणी आणि विक्रेत्याचा नफा धरलेला असतो. गाडी विकताना यातलं फारसं काही परत मिळत नाही.

दुसरं कारण जास्त कामाचं आहे. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली एका शोधलेखात जुन्या गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन ते मांडलं. पुढे 2001 मध्ये त्यांना अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला, त्यात त्या शोधलेखाचा मोठा भाग होता. गाडीत काय खोड आहे ते विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. त्यामुळे घेणारा प्रत्येकच गाडीकडे संशयाने बघतो आणि भाव पाडून मागतो. हा पाडलेला भाव धडधाकट गाडीच्या मालकाला परवडत नाही, तो गाडी विकायचीच नाही असं ठरवतो, आणि बाजारात रडक्या गाड्यांचं प्रमाण वाढत जातं.

आपल्या दृष्टीने याचा अर्थ असा की चांगल्या जुन्या गाडीवरही संशयापोटी सूट लागलेली असते. तपासणी करून ज्याला हा संशय फेडता येतो, त्याच्या खिशात ती सूट पडते. ज्याला तेवढा वेळ द्यायचा नाही त्याने शोरूममध्ये जावं, त्यात काही गैर नाही. फक्त आपण कशाचे पैसे देतोय हे त्याला माहीत असावं.

पायरी 1: आधी कागदावर हिशोब

नव्या गाडीची किंमत 100 धरा. पहिल्या वर्षी 20 टक्के आणि पुढे दरवर्षी उरलेल्या किमतीच्या 15 टक्के घट धरली, तर तिची किंमत वर्षागणिक साधारण 80, 68, 58, 49, 42, 35, 30, 26 अशी उतरते.

नवी घेऊन पाच वर्षांनी विकणाऱ्याचे 58 गेले. तीच गाडी तीन वर्षांची असताना 58 ला घेऊन पाच वर्षं वापरणारा ती 26 ला विकतो, म्हणजे त्याचे 32 गेले. फरक 26 चा, नव्या गाडीच्या किमतीच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त. जुन्या गाडीवर जास्तीच्या दुरुस्तीसाठी यातले 10 बाजूला काढले तरी 16 उरतात. व्यापाऱ्याला गाडी देताना दोघांनाही बाजारभावापेक्षा कमीच मिळेल, पण त्याने हे अंतर फारसं हलत नाही. कर्ज काढणार असाल तर जुन्या गाडीवरचा व्याजदर बऱ्याचदा चढा असतो. मात्र मुद्दल कमी असल्याने एकूण व्याज किती होतं ते दोन्हीकडे काढून बघा. दर ऐकूनच घाबरू नका.

आता हाच हिशोब दुसऱ्या टोकाने करा. गाडी मोडीत जाईपर्यंत, समजा तिच्या वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत, वापरायची आहे. नवी घेतली तर वर्षाला सुमारे 6.7 पडतात. तीन वर्षं जुनी घेऊन बारा वर्षं वापरली तर 4.8. वर्षाचा फरक 5 वरून 2 च्या खाली आला. म्हणजे दर पाच वर्षांनी गाडी बदलणाऱ्यांनी नवी घेणं सर्वांत महागात पडतं, आणि एकच गाडी पंधरा वर्षं सांभाळणाऱ्याने नवी घेतली तर तो काही उधळपट्टी करत नाही. जुनी गाडी नेहमीच शहाणपणाची असं जे सरसकट सांगतात, त्यांनी हे दुसरं गणित केलेलं नसतं.

पायरी 2: तुमच्या मॉडेलची घसरण स्वतः बघा

वरचे टक्के अंदाजी आहेत. तुम्हाला हव्या असलेल्या मॉडेलचा खरा उतार काढायला एक संध्याकाळ पुरते. एक ते आठ वर्षं वयाच्या त्याच मॉडेलच्या जाहिराती गोळा करा, प्रत्येक वयाचा मधला भाव लिहा आणि शेजारी आजच्या नव्या गाडीची किंमत ठेवा. जाहिरातीतला भाव हा मागितलेला भाव असतो, सौदा त्याखाली होतो, हे लक्षात असू द्या.

या यादीत उतार सगळीकडे सारखा दिसणार नाही. नवी पिढी बाजारात आली की आधीच्या पिढीचा भाव एकदम खाली येतो. वॉरंटी संपते तिथेही एक पायरी दिसते. अशा पायरीच्या नुकतंच खाली घेणं फायद्याचं. पायरीच्या तोंडावर उभी असलेली गाडी मात्र टाळावी.

कधी कधी दोन वर्षांची गाडी आणि नवी गाडी यांत जेमतेम 8-10 टक्क्यांचा फरक निघतो. टिकाऊपणाचं नाव असलेल्या, सुटे भाग कुठेही मिळणाऱ्या मॉडेलच्या बाबतीत असं होतं. तिथे नवीच घ्या. 2021 मध्ये चिपच्या टंचाईमुळे नव्या गाड्या वेळेवर मिळेनात, तेव्हा अमेरिकेत काही जवळपास नव्या गाड्या नव्यापेक्षाही महाग विकल्या जात होत्या. उलट बाजूने, जानेवारी 2023 मध्ये टेस्लाने नव्या गाड्यांच्या किमती कमी केल्या आणि आधीच विकल्या गेलेल्या त्याच गाड्यांचा बाजारभावही त्यांच्याबरोबर घसरला. म्हणून यादी आजची हवी. दोन वर्षांपूर्वी मित्राने काढलेली चालणार नाही.

आलिशान गाड्यांचा उतार सर्वांत तीव्र असतो आणि मोह तिथेच होतो. सहा वर्षांची भारी गाडी साध्या नव्या गाडीच्या भावात मिळते खरी, पण तिचे सुटे भाग आणि मजुरी महाग गाडीच्याच दराने लागतात. त्या गाडीची किंमत घसरली, देखभाल नाही.

पायरी 3: वय आणि किलोमीटर ठरवा

बहुतेकांसाठी तीन ते पाच वर्षं हे वय सोयीचं. मोठी घसरण पहिल्या मालकाने सोसलेली असते, आणि रबर, सस्पेन्शन, क्लच यांचे मोठे खर्च अजून पुरते सुरू झालेले नसतात.

किलोमीटर कमी म्हणजे गाडी चांगली, हे मात्र पूर्ण खरं नाही. कमी चाललेली गाडी कशी चालली हे बघावं लागतं. रोज दोन-तीन किलोमीटर चालवून बंद केलेलं इंजिन पुरतं तापतच नाही, त्यामुळे ऑइलमध्ये ओलावा साठतो. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी, टायर आणि रबरी पाइप वयाने खराब होतात, अंतराने नाही. महामार्गावर नियमित चाललेली, सर्व्हिसिंगच्या नोंदी असलेली गाडी जास्त किलोमीटरची असली तरी मी ती आधी बघेन.

पायरी 4: कागद आधी, गाडी नंतर

गाडी डोळ्यांत भरली की कागदातल्या उणिवा क्षुल्लक वाटू लागतात. म्हणून क्रम बदलू नका. विकणाऱ्याचं नाव नोंदणीवर आहे का, कर्ज फेडून त्याची नोंद काढलेली आहे का, विम्याचे मोठे दावे झालेत का, आधी किती मालक होते, हे सगळं गाडी बघायला जाण्यापूर्वी विचारा. 1981 नंतरच्या बहुतेक गाड्यांना 17 अक्षरं-अंकांचा ओळख क्रमांक असतो. शून्य आणि एकाशी गल्लत होऊ नये म्हणून त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरत नाहीत. तो कागदावर आणि गाडीवर तंतोतंत एकच हवा. कंपनीने सुरक्षेसाठी गाड्या परत बोलावल्या असतील तर त्या यादीतही हा क्रमांक तपासा. टकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगमुळे जगभरात कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या, आणि अशी दुरुस्ती सहसा फुकट करून मिळते.

सर्व्हिसिंगच्या नोंदींत तारीख आणि किलोमीटर दोन्ही चढत गेलेले दिसले पाहिजेत. मध्येच आकडा मागे गेला असेल तर बोलणं तिथेच थांबवा.

पायरी 5: दिवसाउजेडी, थंड इंजिनावर

पाऊस पडत असताना किंवा संध्याकाळच्या दिव्यात गाडी बघू नका. ओल्या पत्र्यावर रंगातला फरक आणि बारीक डेंट लपतात. तुम्ही पोहोचण्याआधी गाडी सुरू करू नका असं मालकाला सांगून ठेवा. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवा. ते गरम लागलं तर का गरम आहे ते विचारा. थंड इंजिन सुरू होतानाचा खडखडाट आणि धूर बरंच काही सांगतात: निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, आणि इंजिन तापल्यावरही जाड पांढरा धूर येत राहिला तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) आत जातोय अशी शंका घ्या.

दारं, बॉनेट, डिकी यांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का ते बघा. बोल्टच्या डोक्यावरचा रंग उडालेला असेल तर तो भाग कधीतरी काढला गेला आहे. खिडकीच्या रबरावर रंगाचे शिंतोडे असतील तर तो भाग पुन्हा रंगवलेला आहे. एखादा ओरखडा मिटवायला रंगवलेला दरवाजा हा दोष नव्हे. वाकून सरळ केलेला सांगाडा हा दोष, आणि तो पुढच्या चाकांमागे व डिकीच्या तळाशी शोधावा लागतो.

टायरवर चार अंकी आकडा असतो. 2319 म्हणजे 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. सहा वर्षांच्या गाडीवर एकच टायर नवा का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. टायरची एकच कड घासली असेल तर चाकांचं अलाइनमेंट बिघडलंय किंवा सस्पेन्शन गेलंय.

ओडोमीटर, म्हणजे किलोमीटर मोजणारा आकडा, मागे फिरवणं डिजिटल जमान्यातही बंद झालेलं नाही. आकड्यावर विसंबू नका, पेडलचं रबर, स्टीअरिंगची घासलेली कड आणि चालकाच्या आसनाची बाजू बघा. 40,000 किलोमीटरची गाडी आणि गुळगुळीत झालेलं पेडल, हे जुळत नाही.

पुरात बुडालेली गाडी वरून चकाचक दिसते. मागच्या आसनाखालचा गालिचा उचला, स्टेपनीच्या खोबणीत माती किंवा गंज आहे का बघा, सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून शेवटच्या टोकावरचे डाग पाहा. आणि वास घ्या. भपकारा मारणारं अत्तर लावलेलं असेल तर ते कशासाठी, याचा विचार करा.

एक स्वस्त यंत्रही जवळ ठेवावं: इंजिनच्या संगणकातले दोष वाचणारा स्कॅनर. अमेरिकेत 1996 पासूनच्या आणि युरोपात 2001 पासूनच्या पेट्रोल गाड्यांना त्याची प्रमाणित जोडणी सक्तीची आहे, आता ती बहुतेक ठिकाणी सापडते. यंत्रात दोष दिसला नाही एवढ्यावर थांबू नका. संगणकाच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण झालेल्या दिसतात का, तेही बघा. त्या अपूर्ण असतील तर कोणीतरी नुकतेच दोष पुसलेत किंवा बॅटरी काढून लावलीये.

चालवताना रेडिओ बंद ठेवा. मोकळ्या रस्त्यावर ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते का, खड्ड्यावरून जाताना ठोका येतो का, गिअर अडखळतो का, एवढं नीट ऐका.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर

इंजिनाच्या ऐवजी बॅटरीची उरलेली क्षमता विचारा आणि ती तोंडी न घेता सर्व्हिस सेंटरच्या अहवालात घ्या. बऱ्याच कंपन्या बॅटरीला आठ वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर आणि 70 टक्के क्षमतेची हमी देतात. ती नव्या मालकाकडे येते का ते वाचा. बॅटरीला थंड ठेवण्याची कोणती व्यवस्था आहे तेही महत्त्वाचं. निसान लीफच्या सुरुवातीच्या गाड्यांत द्रवाने थंड करण्याची सोय नव्हती, आणि उष्ण प्रदेशांत त्यांची क्षमता लवकर उतरली.

पायरी 6: मेकॅनिक तुमचा, विकणाऱ्याचा नव्हे

इथे पैसे वाचवू नका. गाडी लिफ्टवर चढवून खालून बघणारा माणूस तुमच्या ओळखीचा आणि तुम्ही पैसे दिलेला असावा. विकणारा तपासणीला नकार देत असेल तर कारण ऐकत बसू नका, दुसरी गाडी बघा.

पायरी 7: भाव

तुमच्याकडे आता दोन कागद आहेत: पायरी 2 मधली भावांची यादी आणि मेकॅनिकने सांगितलेली कामं. घासाघीस या दोन कागदांवरूनच करा. 'थोडं कमी करा' याला उत्तर असतं. चार टायर आणि ब्रेक पॅडची किंमत लिहून दाखवली की ते मिळणं कठीण जातं. आपली वरची मर्यादा घरून ठरवून जा. पूर्ण रक्कम द्यायची ती कागद हस्तांतरित होताना, त्याआधी नाही.

गाडी घरी आल्यावर

सर्व्हिसिंग कधी झालं याची खात्रीशीर नोंद नसेल तर इंजिन ऑइल, फिल्टर, कूलंट आणि ब्रेक फ्लुइड लगेच बदला. टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणारा पट्टा) असलेलं इंजिन असेल आणि तो बदलल्याचं बिल मिळालं नसेल, तर तो बदललेला नाही असं धरून चाला. चालत्या गाडीत बेल्ट तुटला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि दुरुस्ती गाडीच्या किमतीच्या जवळ जाते. विमा पहिल्याच दिवशी नावावर करा. आणि दुसरी किल्ली मागून घ्यायला विसरू नका, नवी बनवायला ती वाटते त्यापेक्षा बरीच महाग पडते.