शाळेच्या बातम्या: मुलाखत आणि स्क्रिप्ट शिकवताना या चुका टाळा

मुलांकडून शाळेच्या बातम्या फोनवर रेकॉर्ड करून ऐकवायच्या, तर पहिली चूक आपण शिक्षकच करतो. दहा प्रश्न लिहून मुलांच्या हातात देतो. मग मूल कागदाकडे बघतं, समोरच्या माणसाकडे नाही. व्हॅनवाले काका सांगत असतात, "परवा सिंहगड रोडला पाऊण तास अडकलो, लहान पोरं रडायला लागली," आणि पुढचा प्रश्न येतो, "काका, तुमचा छंद कोणता?" आयती आलेली बातमी गेली! कागदावर तीनच मुद्दे असू द्या. उत्तरातला एखादा शब्द पकडून पुढचं विचारायचं, हा सराव वर्गात जोड्या लावून घ्या. "मग तुम्ही काय केलंत?" हा प्रश्न कुठेही चालतो.

"आनंद झाला का?" याला "हो"पलीकडे उत्तर नाही. "निकाल कळला तेव्हा कुठे होतात?" विचारा, माणूस बोलायला लागतो. तो बोलत असताना "हो हो, अच्छा" नको, नुसती मान हलवायची. उत्तरावर चढलेला हुंकार एडिटिंगमध्ये निघत नाही.

स्क्रिप्टमध्ये मुलं हमखास सूचनाफलकाची भाषा आणतात: "प्रशालेत वृक्षारोपणाचा कार्यक्रम मोठ्या उत्साहात संपन्न झाला." यातून काय कळलं? त्याऐवजी: "मैदानाच्या कडेला आता चाळीस रोपं आहेत. सुट्टीतही सहावी 'ब'ची मुलं पाळीपाळीने पाणी घालणार आहेत." पाहुण्यांची नावं शेवटी घ्या, पण घ्या, नाहीतर ऑफिसातून बोलावणं येतं.

ऐकणाऱ्याला मागचं वाक्य पुन्हा वाचता येत नाही. म्हणून 1,847 लिटर न लिहिता "जवळपास साडेअठराशे लिटर" लिहा. मिनिटाला साधारण शंभर-सव्वाशे शब्द धरा आणि स्क्रिप्ट मोठ्याने वाचून घ्या. दम लागला तिथे वाक्य तोडा. आकाशवाणी पुण्याचं सकाळचं बातमीपत्र रेकॉर्ड करून ऐकवा आणि एकेका बातमीला किती वाक्यं मिळतात ते मुलांनाच मोजू द्या.

आवाज खराब येतोय? आधी पंखा बंद करा. फोन तोंडापासून वीतभर लांब, जरासा तिरका धरा, म्हणजे 'प', 'फ', 'भ'चा फुसका आवाज येत नाही. गणपतीआधी नदीकाठी ढोलपथकाची मुलाखत घ्यायची असेल तर वादकाला लांब नेऊन बोलतं करा. ढोल वेगळा रेकॉर्ड करून मागे हळू लावा. आणि फोन फ्लाइट मोडवर टाका, ऐन मुलाखतीत आईचा फोन येतोच.